देशांतराचा हिशेब : नाशिक ते सॅन फ्रान्सिस्को

हल्लीं नाशिकांत अशीं कुटुंबें पुष्कळ आढळतात, कीं ज्यांतील एखादा मुलगा, मुलगी, पुतण्या किंवा भाचा अमेरिकेंत नोकरीस आहे. त्यांतही संगणकाच्या व्यवसायांतील बरीच मंडळी कॅलिफोर्नियांत, सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास राहतात. घरीं आलेला पाहुणा सहज विचारतो, "तुमचे चिरंजीव असतात तें गांव येथून किती लांब?" आणि यजमानही तितक्याच सहजपणें सांगतात, "फार नाहीं, विमानानें सोळा-सतरा तास." हें उत्तर खोटें नाहीं, परंतु तें दोन विमानतळांमधील अंतराचें उत्तर आहे, दोन घरांमधील अंतराचें नव्हे. एरवीं या भेदानें कांहीं बिघडत नाहीं. पण घरांतील वडील माणूस अत्यवस्थ झालें, डॉक्टरांनीं "मुलाला बोलावून घ्या" असें सांगितलें, म्हणजे तो किती तासांत उंबरठ्याशीं येईल हा हिशेब सर्वांस एकदम हवा असतो, आणि तो शांतपणें करण्याची मनःस्थिति त्या वेळीं कोणाचीच नसते. म्हणून सर्व कांहीं ठीक आहे तोंवरच तो करून ठेवावा, या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

शास्त्रांतील देशांतर

'देशांतर' हा शब्द आपल्या जुन्या ग्रंथांत दोन निरनिराळ्या अर्थांनीं येतो. ज्योतिषांत देशांतर म्हणजे उज्जयिनीवरून जाणाऱ्या मध्यरेषेच्या पूर्वेस अगर पश्चिमेस एखादें गांव किती आहे तें अंतर, व त्यामुळें पडणारा वेळेचा फरक. नाशिक उज्जयिनीच्या पश्चिमेस सुमारें दोन अंश आहे. म्हणून तेथल्यापेक्षां येथें मध्यान्ह सुमारें आठ मिनिटें उशिरां होते. एकमेकांच्या उत्तर-दक्षिणेस असलेल्या दोन गांवांमधील अंतर व त्यांच्या अक्षांशांतील फरक कळला, म्हणजे त्रैराशिकानें पृथ्वीचा सबंध परिघ काढतां येतो, हें भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० मध्यें रचलेल्या 'सिद्धांतशिरोमणीं'त सांगितलें आहे. त्यांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून त्यांचा नातू चांगदेव यानें मठ स्थापिला. त्यासंबंधींचा शिलालेख आपल्या शेजारच्या खानदेशांत, चाळीसगांवाजवळील पाटण येथें आढळला. गोलावरून अंतर मोजण्याची विद्या आपणांस परकी नाहीं, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

दुसरा अर्थ धर्मशास्त्रांतला. परगांवीं झालेल्या मृत्यूची वार्ता उशिरां कळल्यास आशौच कसें धरावें, याचा विचार करतांना 'देशांतर' कशास म्हणावें हें निबंधकारांस ठरवावें लागलें. कोणी साठ योजनांचें माप दिलें, कोणी चाळीस, तर कोणी तीस. मोठी नदी किंवा पर्वत आड आला, भाषा बदलली, म्हणजे देशांतर झालें, असेंही एक मत आहे. भास्कराचार्यांनीं पृथ्वीचा परिघ ४९६७ योजनें दिला आहे. त्या मानानें एक योजन सुमारें आठ किलोमीटरांचें होतें, आणि साठ योजनें पांचशें किलोमीटरांच्या आंतच भरतात. म्हणजे त्या हिशेबानें नाशिकास नागपूरसुद्धां देशांतरच! परंतु या सर्वांहून मार्मिक असें आणखी एक लक्षण दिलेलें आहे : जेथील वार्ता दहा रात्रींतही कानीं येत नाहीं, तें देशांतर. यांत नदी नाहीं, डोंगर नाहीं, योजनेंही नाहींत. केवळ काळ आहे. कुटुंबाला उपयोगी पडणारें माप तें हेंच.

ज्या काळीं हें लक्षण सांगितलें गेलें, त्या काळीं वार्ता आणि माणूस जवळजवळ एकाच गतीनें चालत. पुढें ही जोडी फुटली. इ. स. १८७० मध्यें समुद्राच्या तळावरून टाकलेल्या तारेनें मुंबई इंग्लंडला जोडली गेली व बातमी माणसाच्या पुष्कळ पुढें धावूं लागली. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलांत कलकत्त्याहून बोटीनें निघाल्या, त्या न्यूयॉर्कला पोंचल्या जूनमध्यें. प्रवासास जवळजवळ दोन महिने लागले. त्र्यंबकेश्वरीं जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रपटाची विद्या शिकण्यासाठीं १९१२ च्या फेब्रुवारीच्या आरंभीं लंडनला जाण्यास निघाले व एप्रिलच्या आरंभीं परतले. या दोन महिन्यांतला बहुतेक काळ बोटीवर गेला, लंडनांतला मुक्काम दोनएक आठवड्यांचाच होता. ८ जून १९४८ रोजीं एअर इंडिया इंटरनॅशनलचें 'मलबार प्रिन्सेस' हें विमान मुंबईहून निघालें आणि कैरो व जिनीव्हा येथें थांबत १० तारखेस लंडनला उतरलें. महिन्यांचे दिवस झाले, दिवसांचे आतां तास झाले आहेत. वार्तेला मात्र तासही लागत नाहींत. आई पडल्याचें मुलाला दुसऱ्या क्षणीं कळतें, एवढेंच नव्हे, तर टेलिफोनच्या पडद्यावर ती त्याला दिसतेही. तें दिसल्यावर तो प्रत्यक्ष तिच्या उशाशीं येऊन बसेपर्यंत जो काळ जातो, तेंच आजचें देशांतर होय. त्याचें माप घेण्यासाठीं प्रथम विमानाची वाट पाहूं.

नकाशावरील रेषा आणि आकाशांतील वाट

शाळेच्या भिंतीवरील नकाशांत सॅन फ्रान्सिस्को अगदीं डाव्या कडेला व मुंबई बरीच उजवीकडे असते. त्यावरून असा समज होतो कीं, विमान अरबस्थान, भूमध्य समुद्र व अटलांटिक महासागर ओलांडून सरळ पश्चिमेकडे जात असलें पाहिजे. परंतु सपाट कागदावरची सरळ रेषा ही गोलावरची जवळची वाट नव्हे. घरांत मुलांचा पृथ्वीचा गोल असेल तर एक दोरा घ्यावा, त्याचें एक टोंक मुंबईवर व दुसरें सॅन फ्रान्सिस्कोवर धरून तो घट्ट ताणावा. दोरा पश्चिमेकडे जात नाहीं कीं पूर्वेकडेही जात नाहीं. तो बहुतांशीं उत्तरेकडेच जातो. मुंबईहून तो उत्तरेच्या किंचित् पूर्वेस कलून निघतो. राजस्थान, अंबाल्याचा प्रदेश, लडाख, चीनचा सिंक्यांग प्रांत व सैबेरिया ओलांडून उत्तर हिमसागरावर येतो, ध्रुवापासून सुमारें दीड हजार किलोमीटरांवरून वळसा घेतो आणि अलास्का व कॅनडाचा पश्चिम भाग यांवरून खालीं कॅलिफोर्नियांत उतरतो. ही लांबी सुमारें १३,५०० किलोमीटर भरते. गोलावरील कोणत्याही दोन ठिकाणांमधलें अंतर फार तर वीस हजार किलोमीटर असूं शकतें. त्याचा हा दोन-तृतीयांश भाग झाला.

येथें नाशिककरांच्या ध्यानीं येण्याजोगी एक गोष्ट आहे. नाशिक मुंबईच्या ईशान्येस असल्यामुळें या वाटेनें तें सॅन फ्रान्सिस्कोला मुंबईपेक्षां सुमारें सव्वाशें किलोमीटर जवळ आहे. म्हणजे मुंबईस विमान धरण्यासाठीं कसाऱ्याचा घाट उतरणारा नाशिककर प्रथम अमेरिकेकडे पाठ करूनच निघतो!

प्रवासी विमानाची गति सामान्यतः ताशीं ९०० किलोमीटर धरली, तर १३,५०० किलोमीटरांस बरोबर पंधरा तास लागावयास हवेत. पण प्रत्यक्षांत थेट विमानासही सोळा-सतरा तास लागतात. हे वरचे तास कशानें वाढतात?

वारा, डोंगर आणि सरहद्दी

पहिलें कारण वारा. कित्येकांस असें वाटतें कीं, पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, तेव्हां पश्चिमेस जाणाऱ्या विमानाखालीं ती आपोआप सरकत येते व त्याचा वेळ वांचतो. आपल्या अक्षांशावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशीं सुमारें १,५७० किलोमीटर वेगानें फिरतो हें खरें. परंतु वातावरणही त्याच्याबरोबर फिरत असतें, आणि विमान त्या वातावरणांतच उडतें. चालत्या आगगाडीच्या डब्यांत उडणारी माशी मागच्या भिंतीवर आपटत नाहीं, तसाच हा प्रकार आहे. फरक पडतो तो वाऱ्यानें. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर, समशीतोष्ण कटिबंधांत, पश्चिमेकडून पूर्वेकडे प्रचंड वारे वाहतात. हिवाळ्यांत त्यांचा वेग ताशीं दोनशें किलोमीटरांच्याही वर जातो. पाठीशीं ताशीं शंभर किलोमीटरांचा वारा असला, तर नऊशेंच्या गतीचें विमान जमिनीवरून पाहतां हजारानें जातें. तोच वारा समोरून आला, तर आठशेंनीं.

याचें उत्तम उदाहरण दिल्लीच्या विमानाचें आहे. एअर इंडियानें दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला थेट सेवा डिसेंबर २०१५ मध्यें सुरू केली. आरंभीं हें विमान अटलांटिकवरून जाई. ती वाट सुमारें १३,९०० किलोमीटरांची होती. ऑक्टोबर २०१६ मध्यें तें पूर्वेकडून, पॅसिफिक महासागरावरून नेण्यांत आलें. ही वाट सुमारें १५,३०० किलोमीटरांची, म्हणजे चौदाशें किलोमीटरांनीं लांब. तरीही तो प्रवास साडेचौदा तासांत झाला व आधींच्या मानानें सुमारें दोन तास वांचले. लांबची वाट लवकर संपली, कारण वारा पाठीशीं होता. पुण्यास जातांना घाटांतील जवळची वाट सोडून हमरस्त्यानें गेलें असतां लवकर पोंचतां येतें, हा अनुभव आपल्यापैकीं अनेकांस आहे; आकाशांतही तोच न्याय लागू पडतो.

दुसरें कारण डोंगर. विमान हिमालयाच्या किती तरी वरून उडूं शकतें. मग अडचण कसली? आंतील हवेचा दाब कांहीं बिघाडानें नाहींसा झाला, तर प्रवाशांस श्वास घेतां यावा म्हणून विमानास त्वरित सुमारें तीन हजार मीटरांपर्यंत खालीं यावें लागतें. तिबेटचें पठारच सरासरीनें साडेचार हजार मीटर उंच आहे. तेथें खालीं येण्यास जागाच नाहीं. म्हणून सामान्यतः विमानें तो प्रदेश टाळून वळसा घेतात. दोऱ्यानें दाखविलेली सरळ वाट अशी पहिल्याच टप्प्यांत वांकडी होते.

तिसरें कारण सरहद्दी. आकाशालाही हद्दी आहेत, आणि त्या बंद होऊं शकतात. पाकिस्ताननें आपलें आकाश २०१९ च्या फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत बंद ठेवलें होतें. पुढें २४ एप्रिल २०२५ रोजीं तें भारतीय विमानांस पुन्हां बंद केलें व ती बंदी महिन्यामहिन्यानें वाढवीत नेली. त्यामुळें दिल्लीहून युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या भारतीय विमानांस दक्षिणेकडून वळसा घ्यावा लागला, आणि अमेरिकेच्या कांहीं उड्डाणांस इंधनासाठीं युरोपांत उतरणें भाग पडलें. २०२२ मध्यें युक्रेनचें युद्ध सुरू झाल्यावर रशियानें अनेक पाश्चात्त्य देशांच्या विमानांस आपलें आकाश बंद केलें. तात्पर्य, गेल्या वर्षीं मुलगा इतक्या तासांत आला, म्हणून यंदाही तितक्याच तासांत येईल असें धरून चालूं नये. मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोला थेट सेवा एअर इंडियानें डिसेंबर २०२२ मध्यें सुरू केली. परंतु अशा लांबच्या सेवा सुरू होतात, कमी होतात, बंदही होतात. म्हणून थेट विमान मिळेलच असें न धरतां, वाटेंत एकदां विमान बदलावें लागेल असाच हिशेब करावा.

उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत

आतां हा हिशेब मांडूं. नाशिकांतील घरापासून मुंबईचा विमानतळ सडकेनें सुमारें १७० किलोमीटर. जून २०२५ मध्यें समृद्धि महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरांचा शेवटचा टप्पा खुला झाला व घाटांतला त्रास पुष्कळ कमी झाला. तरी भिवंडी-ठाण्याकडील गर्दी लक्षांत घेतां पांच तास हातीं ठेवावेत. परदेशीं जाणाऱ्या विमानासाठीं तीन तास आधीं पोंचावें लागतें. हे झाले आठ. थेट विमानाचे साडेसोळा तास मिळवले म्हणजे साडेचोवीस. तिकडे उतरल्यावर प्रवेशाची तपासणी व सामान यांस दीड तास, आणि विमानतळापासून घरापर्यंत एक तास. एकूण सत्तावीस तास झाले. वाटेंत विमान बदलावयाचें असेल, तर आकाशांतले तास, वळसा व मधला मुक्काम मिळून तेवीस धरावे लागतात, आणि एकूण बेरीज साडेतेहेतीसांवर जाते.

या बेरजेंत एक चमत्कारिक गोष्ट दिसते. नाशिक ते मुंबई हें अंतर मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को या अंतराचा जेमतेम ऐंशीवा हिस्सा. परंतु थेट विमान धरलें तरी त्या चिमूटभर अंतरापायीं व विमानतळावरील खोळंब्यापायीं एकूण वेळेंतला जवळजवळ तिसरा हिस्सा खर्च होतो. आपल्या ओझरला १९६४ पासून लढाऊ विमानांचा कारखाना आहे, तेथें तीन हजार मीटरांची धांवपट्टी आहे, आणि २०१४ पासून प्रवाशांसाठीं स्वतंत्र इमारतही आहे. तेथून दिल्लीस जाणारें विमान सोयीच्या वेळीं मिळालें, तर सुमारें हजार किलोमीटरांचें अंतर दोन तासांच्या आंत कापून दिल्लीहून पुढें जातां येतें, व मुंबईचा रस्ता सर्वस्वीं टळतो. तिकीट काढतांना ही वाट अवश्य पाहावी. मात्र दोन्ही उड्डाणें एकाच तिकिटावर असावींत. नाहीं तर पहिलें विमान उशिरां पोंचलें, तर दुसरें हुकल्याची जबाबदारी कोणी घेत नाहीं.

मुलास तिकडून येथें यावयाचें असतां या तासांत आणखी भर पडते. निरोप मिळाल्यावर तिकीट काढणें, कचेरींत कळविणें, लहान मुलांची व्यवस्था लावणें यांत सहा-सात तास सहज जातात, आणि त्या दिवसाचें विमान निघून गेलें असेल तर त्याहूनही अधिक. म्हणून "ताबडतोब नीघ" म्हटल्यापासून मुलगा नाशिकांत पोंचेपर्यंत चाळीस तास धरावेत. दोन विमानतळांमधले सोळा-सतरा तास ते कोठें, आणि हे चाळीस तास कोठें!

वार आणि तिथि

दुसरा घोटाळा वारांचा. हिवाळ्यांत सॅन फ्रान्सिस्कोचें घड्याळ आपल्या साडेतेरा तास मागें असतें, आणि त्यांचीं घड्याळें पुढें सारलेलीं असतात त्या उन्हाळ्याच्या काळांत साडेबारा. त्यामुळें हिवाळ्यांत मुंबईहून दुपारीं चार वाजतां निघून सोळा तास प्रवास केलेला माणूस तेथें त्याच दिवशीं सायंकाळीं साडेसहाला उतरतो. जणूं प्रवास अडीच तासांचाच झाला. येतांना याचें उट्टें निघतें. गुरुवारीं रात्रीं नऊला तेथून निघालेला मुलगा थेट विमानानेंसुद्धां मुंबईस शनिवारीं पहाटे उतरतो. मधला शुक्रवार त्याच्या हातीं जवळजवळ लागतच नाहीं. "गुरुवारीं निघाला, मग शुक्रवारीं कां नाहीं आला?" अशी काळजी घरांतल्या वृद्धांस पडते, ती यामुळेंच. निघाल्याचा वार न सांगतां पोंचण्याचा येथला वार आणि वेळ कळवावी, म्हणजे ही काळजी उरत नाहीं.

तिथीचेंही असेंच आहे. तिथि ही सूर्य-चंद्रांच्या अंतरावरून ठरते व ती सर्व पृथ्वीवर एकाच क्षणीं संपते. परंतु कोणत्या दिवसाची तिथि कोणती, हें सामान्यतः त्या त्या ठिकाणच्या सूर्योदयावरून धरलें जातें, आणि आपला सूर्योदय व तेथला सूर्योदय यांत सुमारें अर्ध्या दिवसाचें अंतर आहे. म्हणून येथें एकादशी सोमवारीं असली, तरी तेथें ती रविवारीं येऊं शकते. परदेशांतील मुलांनीं श्राद्धाची वा व्रताची तिथि नाशिकच्या दिनदर्शिकेवरून तारीखवार न उचलतां तेथील स्थानिक वेळेवरून काढलेल्या पंचांगावरून धरावी, हें त्यांस समजावून सांगितलें पाहिजे. जुने ज्योतिषी ज्यासाठीं देशांतराचा संस्कार करीत, तें कारण हेंच.

घरानें काय ठरवावें

हा सर्व हिशेब ज्या प्रसंगासाठीं करावयाचा, त्याचें नांव घेण्यास आपण कचरतों. परंतु तो प्रसंग येतो, तेव्हां घरांत दोन मतें पडतात : एक म्हणतो मुलगा येईपर्यंत थांबावें, दुसरा म्हणतो देह ताटकळत ठेवूं नये. दोघांचेंही प्रेम खरें असतें, आणि म्हणूनच त्या वेळचे कटु शब्द वर्षानुवर्षें विसरले जात नाहींत. परदेशांतल्या मुलाच्या मनांत आपणांसाठीं कोणी थांबलें नाहीं हें राहतें. येथें सेवा करणाऱ्या भावाच्या किंवा सुनेच्या मनांत, तो नव्हता आणि तरी शब्द आम्हांसच ऐकावे लागले, हें राहतें. ही तेढ टाळावयाची तर ज्यांचा हा प्रश्न आहे त्या वडील मंडळींनीं प्रकृति चांगली असतांनाच आपली इच्छा सर्वांसमक्ष सांगून ठेवावी. चाळीस तास थांबणें आज शीतपेटीच्या सोयीमुळें अशक्य नाहीं. पण थांबलेंच पाहिजे असेंही नाहीं. ज्येष्ठ पुत्र जवळ नसेल तर दुसऱ्या पुत्रानें वा जवळच्या आप्तानें संस्कार करावा, ही सोय शास्त्रानें ठेवलेली आहे. आणि आज अनेक घरांत मुलगीही हें कर्तव्य करते.

आपल्या पूर्वजांनीं उत्तरक्रिया एका दिवसांत आटोपली नाहीं, ती तेरा दिवसांवर पसरली, याचा या दृष्टीनेंही विचार करण्यासारखा आहे. अग्नि देतेवेळीं जो पोंचूं शकला नाहीं, तो अस्थिसंचयनास पोंचूं शकतो. त्यासही नाहीं, तर रामकुंडावर दहाव्या दिवशीं तो भावांच्या शेजारीं उभा राहूं शकतो. चाळीस तासांचें देशांतर त्या दहा दिवसांत सहज मावतें. हें आधींच बोलून ठेवलें असेल, तर विमानांत एकटा बसलेला मुलगा आपण उशिरां पोंचलों या दुःखानें तितका पोळत नाहीं.

कांहीं गोष्टी मात्र मुलांनीं करून ठेवावयाच्या आहेत. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून कमी उरूं देऊं नये. तिकडचें नागरिकत्व घेतलें असेल तर ओसीआय पत्र स्वतःचें व मुलाबाळांचेंही काढून ठेवावें. तें नसेल तर व्हिसासाठीं सॅन फ्रान्सिस्कोंतील भारतीय वकिलातीकडे जावें लागतें, आणि चाळीस तासांचा हिशेब तेथेंच कोलमडतो. नोकरीच्या व्हिसावर असणाऱ्यांनीं परत जातांना नवा शिक्का घ्यावा लागेल कीं काय, हें आधींच पाहून ठेवावें. नाहीं तर येण्याच्या घाईंत परतीची वाट अडते. येथल्या मंडळींनीं डॉक्टरांचा, शेजाऱ्यांचा व मुलाच्या तेथील एखाद्या मित्राचा टेलिफोन क्रमांक एका कागदावर लिहून ठेवावा. त्याच कागदावर, ठळक अक्षरांत, चाळीस हा आंकडाही लिहावा. आणि दर दिवाळीस मुलाशीं बोलतांना, विमानांच्या वाटा बदलल्या आहेत काय हें विचारून, तो आंकडा पुन्हां तपासून पाहावा.